शेवाळ्याच्या घरचे पाहुणे

उत्तर युरोपातील थंड प्रदेशांत विस्तीर्ण दलदली पसरल्या आहेत. त्यांत स्फॅग्नम नावाचे शेवाळे वाढते. दिसावयास ते नाजूक. पण स्वतःच्या कोरड्या वजनाच्या सुमारे वीस पट पाणी धरून ठेवते. त्याच्या पानांत हिरव्या, जिवंत पेशींच्या शेजारी मोठ्या, मृत व पोकळ पेशी असतात. त्यांना छिद्रे असतात. हेच शेवाळ्याचे रांजण होत.

मेलेल्या शेवाळ्याचे थर तळाशी साचतात. तेथे प्राणवायू पोचत नाही. म्हणून ते पुरते कुजत नाहीत. या थरांस पीट म्हणतात. पृथ्वीवरील जमिनीच्या अवघ्या ३ टक्के भागावर पीट आहे. परंतु जगातील मातीत साठलेल्या कार्बनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्यात आहे.

खोल थरांतील सूक्ष्म जीव या अवशेषांपासून मिथेन वायू तयार करतात. व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने १७७६ साली माज्जोरे सरोवराकाठच्या चिखलातील बुडबुडे गोळा करून हा ज्वालाग्राही वायू शोधून काढला. शंभर वर्षांचा हिशेब केला, तर हा वायू तेवढ्याच वजनाच्या कार्बन डाय-ऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता अडवतो.

मग दलदलीतील सगळा मिथेन हवेत का जात नाही? नेदरलँड्समधील नायमेखेन येथील संशोधकांनी २००५ साली याचे एक कारण दाखवून दिले. शेवाळ्याच्या पोकळ पेशींत मिथेनवर जगणारे जिवाणू वस्तीस असतात. सूर्यप्रकाशात शेवाळे प्राणवायू सोडते. तो घेऊन जिवाणू मिथेनचे कार्बन डाय-ऑक्साइडमध्ये रूपांतर करतात. पाण्यात बुडालेल्या शेवाळ्यास हा वायू सहजी मिळत नाही. तो घरातच लाभला, की शेवाळे त्यापासून आपले अन्न तयार करते. अशा शेवाळ्यातील १० ते १५ टक्के कार्बन मिथेनपासून आलेला आढळला. यजमान आसरा देतो. पाहुणा शिधा पुरवतो!

माणसाने मात्र इंधनासाठी व शेतीसाठी अनेक दलदली कोरड्या केल्या. पाणी आटले, की पीटमध्ये हवा शिरते, ते कुजू लागते आणि हजारो वर्षे कोंडलेला कार्बन मोकळा होतो. शेवाळे वाळते आणि पाहुण्यांचे घरही मोडते. म्हणून आता कित्येक ठिकाणी जुने चर बुजवून दलदलीत पुन्हा पाणी साठवले जात आहे. ज्या भूमीला माणूस निरुपयोगी समजला, तीच त्याच्या उपयोगाची ठरली.

शब्दार्थ : ज्वालाग्राही – चटकन पेट घेणारा, शिधा – स्वयंपाकाचे कोरडे सामान, चर – पाणी वाहून नेण्यासाठी खणलेला लांब खड्डा.

प्रश्न :
१. शेवाळ्याच्या पोकळ पेशींना रांजण का म्हटले आहे?
२. शेवाळे व जिवाणू एकमेकांस कोणते साहाय्य करतात?
३. दलदल कोरडी केल्याने काय घडते, ते तुमच्या शब्दांत लिहा.