अकरावा नट

वडिलांची अ‍ॅम्बेसेडर मार्क थ्री ते गेल्यावर सहा वर्षं आमच्या परड्यात पत्र्याखाली उभी होती. गेल्या वर्षी चालू केली तर रेडिएटरमध्ये बुडबुडे आणि डिपस्टिकवर ऑइलऐवजी दुधाचा चहा. हेड गॅस्केट गेलं होतं. "त्यात काय, हेड उचलायचं, गॅस्केट बदलायचं, परत बसवायचं," असं मी घरात जाहीर केलं. शनिवारी सकाळी हात घातला. पुढच्या शनिवारी संध्याकाळी हेड निघालं. बसवायचं अजून बाकीच होतं. त्या आठ दिवसांत जे कळलं ते असं.

1. पाना इंचीच हवा. या गाडीचं 1489 सीसीचं इंजिन मूळ इंग्लंडच्या बीएमसीचं, त्यामुळे सगळं माप इंचात. हेडच्या नटाला 9/16 चा, गॅरेजच्या भाषेत साडेचार सूत पाना लागतो. माझ्या डब्यात सगळे मिलिमीटरचे. 14 चा शिरत नाही. 15 चा मात्र असा छान शिरतो की आपल्याला वाटतं जमलं, आणि जोर लावला की नटाचे कोपरे जातात. पहिल्या अर्ध्या तासात मी एक नट गोल केला आणि मुकाट्याने उद्यमनगरात जाऊन साडेचार सूत सॉकेट घेऊन आलो.

2. इंजिन थंड असताना, टोकांकडून मध्याकडे, एकेक नट अर्धा फेरा. हे पुस्तकात लिहिलेलं असतं आणि तेवढं एक मी पाळलं.

3. पुशरॉड सरळ उपसू नका. रॉड खाली टॅपेटला ऑइलने चिकटलेला असतो, खसकन ओढला तर टॅपेटही घराबाहेर येतो. फिरवत फिरवत, हळूच. चपलांच्या खोक्याच्या झाकणाला आठ भोकं पाडून, नंबर घालून त्यात क्रमाने खोचून ठेवले. सगळ्या कामात एवढी एकच गोष्ट पहिल्या फटक्यात बरोबर झाली, म्हणून मुद्दाम सांगतो.

4. नट मोजा, मग हातोडा उचला. कार्बोरेटर उतरवला, मॅनिफोल्ड सोडवला, पाणी काढलं, रॉकर उतरवले, नट काढले. हेड हलेना. लाकडी मोगरीने चारी बाजूंनी ठोकलं. शेजारच्या पोराला बोलावून दोघांनी उचलायला पाहिलं, तर हेडबरोबर गाडीच वर यायला लागली. तीन तास गेल्यावर शेवटी वडिलांचे स्नेही असलेल्या जुन्या मिस्त्री मामांना फोन केला. मामा आले, वाकले, आणि पहिला प्रश्न विचारला, "नट किती निघाले?"

"दहा."

"अकरा असत्यात."

मागे, फायरवॉलच्या कडेला, वर्षानुवर्षांचं ऑइल आणि धूळ बसून गूळ झाला होता. मामांनी त्यात बोट घातलं आणि अकरावा नट दाखवला. तीन तास मी त्याच्याशी कुस्ती खेळत होतो.

5. फटीत स्क्रूड्रायव्हर घालू नका. हे मला माहीत होतं. तरी अकरावा नट काढल्यावर मामा चहाला आत गेले तेवढ्यात मी घातला आणि वर हातोडीही मारली. हेड तसंच राहिलं, फक्त गॅस्केटच्या जागी, बिडाच्या गुळगुळीत पृष्ठभागावर बोटाच्या पेराएवढा चरा पडला. चरा हेडच्या बाजूला पडला हे नशीब. हेड मशीनवर घालून फेस मारून घेता येतो. ब्लॉकला पडला असता तर अख्खं इंजिन उतरवायला लागलं असतं. पुढे फेस मारायला नेलं तेव्हा मशीनवरच्या माणसाने चऱ्यावरून नख फिरवलं आणि विचारलं, "ही नक्षी कुणी काढली?" मी म्हटलं, "आधीच्या मेकॅनिकनं."

6. हेड "जाम" झालंय असं आपण म्हणतो, पण अख्खं हेड कधी जाम होत नाही. कुठेतरी दोन-तीन ठिकाणी पकडलेलं असतं. मामांनी हे बसून समजावलं. या हेडचे काही स्टड रॉकर कव्हरच्या आत आहेत. ते आयुष्यभर ऑइलमध्ये न्हालेले, त्यांना गंज माहीत नाही. प्लगच्या बाजूचे स्टड कव्हरच्या बाहेर, उघड्यावर. वरून पाणी पडलं, रेडिएटरचं उडालं, की स्टड आणि हेडचं भोक यांच्यामधल्या बारीक पोकळीत उतरतं आणि तिथेच बसून राहतं. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणून पोकळी गच्च भरते. मी हेड उचलत होतो, पण त्याला धरून बसले होते स्टड.

7. कणीक. प्रत्येक बाहेरच्या स्टडभोवती मामांनी आईकडून मागून घेतलेल्या कणकेचं आळं केलं, झाडाला करतो तसं, आणि त्यात डिझेल आणि ऑइल निम्मं निम्मं ओतलं. वरच्या आट्यांवर नट चढवून, नटावर पितळी हातोडीने टकटक. जोरात नाही, दारावर पाहुणा ठोकतो तेवढं. सकाळ-संध्याकाळ असं चार दिवस. दुसऱ्या दिवशी आळं कोरडं दिसलं तेव्हा मी हळहळलो, मामा मात्र खूश झाले; डिझेल खाली उतरत होतं. मग एका स्टडवर दोन नट एकमेकांवर आवळायचे आणि खालच्याला पाना लावून स्टडच उलटा फिरवायचा. असे दोन स्टड निघाले. तिसरा पान्याखाली लवचिक लागायला लागला, म्हणजे फिरत नव्हता, पिळत होता. तिथे थांबलो. ब्लॉकमध्ये तुटलेला स्टड ड्रिलने काढायचा म्हणजे वेगळंच प्रकरण.

8. प्रत्येक युक्तीची एक वेळ असते. ऐकीव युक्ती अशी: सगळे नट दोन-दोन फेरे ढिले करायचे, प्लग जागेवर ठेवायचे आणि स्टार्टर मारायचा, सिलिंडरमधला दाब हेडला खालून ढकलतो. मी उत्साहाने बॅटरी जोडायला निघालो. मामा म्हणाले, "रॉकर कुठायत?" ते तर पहिल्याच दिवशी उतरवलेले. रॉकर नाहीत तर व्हॉल्व्ह उघडत नाहीत, व्हॉल्व्ह उघडत नाहीत तर हवा आत येत नाही, मग दाबणार काय? ती युक्ती रॉकर उतरवायच्या आधी करायची असते.

9. रॉकर उतरवल्यानंतरची युक्ती दोरीची. प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक सोडून 1 आणि 4 नंबरचे पिस्टन तळाला आणले. हे दोघे जोडीने वर-खाली होतात, म्हणून दोन्ही टोकांना सारखा जोर बसतो. दोन्हींत कपडे वाळत घालायची सुती दोरी कोंबत गेलो, शेपूट बाहेर ठेवून. काढलेले नट परत चार-चार आट्यांवर चढवून ठेवले. गाडी न्यूट्रलला. मग पुढच्या बंपरमधून हँडल घातलं. मारायचं नाही, नुसतं अंगाचं वजन टाकायचं. हँडल वळलं, जड झालं, थांबलं. मामा म्हणाले, "धरून ऱ्हा." मी धरून राहिलो. मिनिटभराने टक् असा बारीक आवाज आला, सुपारी फुटावी तसा, आणि पुढच्या बाजूला नखाएवढी फट दिसली. मग 2 आणि 3 मध्ये दोरी, मागच्या बाजूला मोगरी, परत 1 आणि 4. तासाभरात हेड चार आट्यांपर्यंत वर आलं.

10. उचलायला दोघं लागतातच. बिडाचं हेड म्हणजे सिमेंटचं अर्धं पोतं, आणि बॉनेटखाली वाकून हात लांब करून ते सरळ वर घ्यायचं असतं. जरा तिरकं झालं की स्टडवर परत अडकतं. मी आणि शेजारचा पोरगा. मामा लांब उभे राहून नुसते "सरळ, सरळ" करत होते.

उलटं करून फरशीवर ठेवलं. गॅस्केट 2 आणि 3 च्या मध्ये जळून तुटलेलं. पाण्याच्या भोकांत बोअरच्या पाण्याचा पांढरा खडा आणि तांबडा चिखल. चमच्याने खरवडला तर वाटीभर निघाला. वडील रेडिएटरमध्ये बोअरचंच पाणी घालायचे, कूलंट म्हणजे पैसे उकळायचे धंदे असं त्यांचं ठाम मत होतं. मामांनी वाटीत बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "त्याला मी हजारदा सांगितलं हुतं."