दादांची टेप

लातूरला आमच्या घरी अब्बांचे जुने स्पीकर आहेत. दादांच्या गझलांची टेप लावली, की ‘स’ आणि ‘श’ कानात टोचत. दादांचा आवाज आता त्या टेपवरच उरला आहे. अम्मी म्हणाली, "टेप खराब झाली असेल." अब्बांचे मन मानेना. आम्ही स्पीकर घेऊन नांदेडला मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींनी दुसरी टेप लावली. तीही टोचली.

"टेप चांगली आहे, चाचा. दोन्ही ट्वीटर बदलू."

ट्वीटर म्हणजे उंच स्वर वाजवणारा छोटा स्पीकर. कपॅसिटर खालचे स्वर त्याच्याकडे जाऊ देत नाही. जुने ट्वीटर 8 ओहमचे होते, म्हणून नवेही तेवढ्याचेच घेतले. नाहीतर कपॅसिटरचा हिशेब चुकतो. नव्यांचा पडदा रेशमी होता.

घरी टेप लावली. गझल संपल्यावर दादांचा खोकलाही ऐकू आला. अम्मी हातातले काम टाकून बसली.