शंकरपट : आपल्या वऱ्हाडातील बैलांची शर्यत

विद्यार्थी मित्रांनो, घोड्यांच्या शर्यती म्हटलं की मुंबई-पुण्याचं रेसकोर्स आठवतं. पण आपल्या मोर्शी भागात शर्यत म्हटली की आधी बैलजोडीच आठवते, हो ना? आज आपण शंकरपटाची माहिती घेऊ या.

नाव कसे पडले?
बैल म्हणजे नंदी, शंकराचे वाहन. म्हणून या शर्यतीला शंकरपट म्हणतात, असे सांगितले जाते. आपल्या अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासरचा शंकरपट प्रसिद्ध आहे.

मैदान कसे असते?
शंकरपटाला बांधीव रेसकोर्स लागत नाही. खरिपाची कामे उरकली की मोकळ्या जमिनीवर सरळ धावपट्टी तयार करतात. दगड-ढेकळे वेचून जमीन सारखी करतात. हलक्या छकड्याला दोन बैल जुंपतात. हाकणारा तो धुरकरी. काही ठिकाणी दोन जोड्या शेजारी-शेजारी धावतात, तर काही ठिकाणी एकच जोडी घड्याळाशी शर्यत लावते. कमी सेकंद घेणारी जोडी जिंकते. पुणे जिल्ह्यात मात्र चढाची धावपट्टी असते, तिला घाट म्हणतात.

गंमत बघा, आयर्लंडमध्येही 1752 साली दोन स्वारांनी एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत शेताशिवारातून घोडे पळवले, असे सांगतात. म्हणजे तिकडेही शर्यतीचे मैदान शिवारातच होते!

बंदी का आली?
जोडी जोरात पळावी म्हणून काही लोक बैलांना आरी टोचत, मारत, शेपट्या पिरगाळत. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली. 2017 मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली. 16 डिसेंबर 2021 रोजी अटींसह परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला.

आता शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. पशुवैद्यकाकडून बैलांची तपासणी होते. काठी, चाबूक, आरी, विजेचा झटका यांना मनाई आहे.

मित्रांनो, आपण पोळ्याला ज्या बैलाचे खांदे शेकतो, त्यालाच पटात टोचायचे, हे बरोबर नाही. चांगला धुरकरी आवाजाने आणि कासऱ्याने जोडी पळवतो. शंकरपट टिकवायचा असेल तर नियम फक्त कागदावर राहून चालणार नाही. पाहणाऱ्यांनीही लक्ष ठेवले पाहिजे.

उपक्रम
1. समजा, एक जोडी 200 मीटर अंतर 16 सेकंदांत धावली. तिचा ताशी वेग काढा. (उत्तर : 45 किलोमीटर)
2. घरच्या आजोबांना विचारा : त्यांच्या लहानपणी पट कुठे भरायचा? बैलांना खुराक काय द्यायचे? पाच ओळी लिहून आणा.
3. बैलाला न दुखवता शर्यत घेण्यासाठी तुम्ही कोणते तीन नियम कराल?