वाकलेली फळी : कारण आणि उपचार

घरापुढील अंगणात अथवा गच्चीवर लाकडी फळ्यांचा उघडा मंच, म्हणजेच 'डेक', उभारण्याची पद्धत आता आपल्याकडेही रुजली आहे. मात्र दोन-तीन पावसाळे सरले की काही फळ्यांच्या कडा वर उचलल्या जातात. अशा कडेला घरातील ज्येष्ठ व्यक्तीचा पाय अडखळला, तर होणारे नुकसान फळीच्या किमतीत मोजता येत नाही. दुरुस्ती वेळीच करावी हे खरे. परंतु हातोडी उचलण्यापूर्वी फळी का वाकली, हे जाणून घ्यावे.

बाक का येतो?

लाकूड ओलाव्याने फुगते आणि वाळताना आकसते. लांबीच्या दिशेने हा फरक नगण्य असतो. रुंदीत मात्र तो जाणवतो. त्यातही वार्षिक वलयांच्या कडेकडेने होणारे आकसणे हे गाभ्याकडून सालीच्या दिशेने होणाऱ्या आकसण्याच्या साधारणतः दुप्पट असते. परिणामी फळी वाळताना तिची सालीकडील बाजू खोलगट होते. फळीच्या टोकाशी दिसणाऱ्या वलयांच्या कमानीवरून ही बाजू ओळखता येते.

दुसरे कारण मांडणीत असते. वरची बाजू उन्हाने वाळते आणि खालची बाजू ओल्या जमिनीमुळे दमट राहते. वरची बाजू आकसून कडा उचलल्या जातात व फळीची पन्हळ होते. तीत पाणी साचते आणि लाकडाला बुरशी धरते.

प्रथम तपासणी

वाकलेल्या फळीचे स्क्रू काढून ती अलगद उचलावी. खालच्या वाशांत स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबून पाहावे. ते सहज रुतल्यास लाकूड कुजले आहे असे समजावे. अशा वेळी आधी वासा बदलावा, कारण सर्व भार तोच पेलत असतो. फळीचीही अशीच परीक्षा करावी.

उपचार

पावसाळा संपून फळ्या चांगल्या वाळल्यानंतरचा काळ दुरुस्तीस योग्य होय.

१. बाक सूतभर, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर असल्यास स्क्रूंची डोकी खोल बसवून उंचवटे रंध्याने उतरवावेत.

२. बाक अधिक असून फळी निरोगी असल्यास ती उलटी करून बसवावी. वर आलेल्या फुगीर बाजूवरून पाणी वाहून जाते. प्रत्येक वाशावर दोन्ही कडांजवळ एकेक स्क्रू द्यावा. आधी बारीक भोक पाडल्यास फळी चिरत नाही. स्क्रू गंज न धरणारे असावेत. ते हळूहळू, आळीपाळीने आवळावेत.

३. फळी फारच ताठ असल्यास तिची खोलगट बाजू ओल्या गवतावर ठेवून फुगीर बाजूस काही तास ऊन द्यावे. सरळ होताच ती वजनाखाली दाबून वाळवावी व मग बसवावी.

४. लांबीत पिळवटलेली किंवा खोलवर भेगाळलेली फळी बदलणेच श्रेयस्कर.

एक सावधगिरी अवश्य बाळगावी. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ साली तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांचे लाकूडरक्षक मिश्रण शोधले आणि पुढे ते जगभर वापरले गेले. त्याची प्रक्रिया केलेल्या जुन्या फळ्या घासताना नाकातोंडावर योग्य मास्क असावा, भुसा गोळा करावा आणि तुकडे चुलीत वा शेकोटीत कदापि जाळू नयेत.

पुन्हा बाक येऊ नये म्हणून

वाळलेल्या फळ्यांमध्ये ३ ते ५ मिलिमीटर फट ठेवावी. मंचाखालून वारा खेळता राहील व पाणी साचणार नाही, अशी व्यवस्था करावी. कुंड्या थेट फळीवर न ठेवता पायांच्या घडवंचीवर ठेवाव्यात. तेल किंवा संरक्षक लेप केवळ वरच्या बाजूस लावून भागत नाही. खालची बाजू आणि कापलेली टोकेही लेपावीत, कारण टोकांतून पाणी सर्वांत लवकर शोषले जाते.

पावसाळ्यापूर्वी एकदा व नंतर एकदा मंचाखाली डोकावून पाहावे. सैल झालेला स्क्रू तेव्हाच आवळला आणि साचलेला पालापाचोळा तेव्हाच काढला, तर एका फळीच्या खर्चात संपूर्ण मंच वाचतो आणि त्यावर वावरणारी माणसे निर्धास्त राहतात.