मोरचुदातील पाणी

द्राक्षांच्या व सुपारीच्या बागांत बुरशीजन्य रोगांपासून संरक्षण व्हावे म्हणून बोर्डो मिश्रण फवारतात. एक टक्का तीव्रतेच्या मिश्रणासाठी १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना घेतला जातो. या निळ्या मोरचुदाचे स्फटिक हाताला अगदी कोरडे लागतात. तरीही त्या १ किलोत सुमारे ३६० ग्रॅम पाणी असते.

हे पाणी म्हणजे पृष्ठभागावरचा ओलावा नव्हे. स्फटिकाच्या रचनेतच ते ठरावीक प्रमाणात बांधलेले असते. म्हणून त्याला स्फटिकजल म्हणतात. ते किती आहे हे डोळ्यांनी दिसत नाही, तराजूने मात्र कळते.

अभ्यासकेंद्रातील प्रयोगशाळेत हा प्रयोग तुम्हांला करता येईल. कोरड्या मुशीचे वजन करा. तीत मोरचुदाची पूड घेऊन पुन्हा वजन करा व मूस मंद आचेवर तापवा. निळा रंग फिका होत जाऊन शेवटी पांढरी पूड उरते. मूस झाकून कोरड्या, बंद पात्रात थंड होऊ द्या. कारण ही पूड हवेतील बाष्प चटकन शोषून घेते. मोरचूद विषारी आहे. प्रयोगानंतर हात धुण्यास विसरू नका.

समजा, रिकामी मूस १८.२० ग्रॅम व मोरचुदासह २०.७० ग्रॅम भरली. पहिल्यांदा तापवल्यावर वजन १९.९६, दुसऱ्यांदा १९.८१, तिसऱ्यांदा १९.८० व चौथ्यांदाही १९.८० ग्रॅम आले. वजन स्थिर झाले, म्हणजे पाणी संपले. येथे उतावीळ विद्यार्थी पहिल्याच वजनावर थांबतात. पाण्याच्या पाच रेणूंपैकी चार सुमारे ११० अंश सेल्सिअसपर्यंत निघून जातात. पाचवा २०० अंशांच्या आसपास पोहोचल्याशिवाय सुटत नाही. म्हणून पुन:पुन्हा तापवणे व तोलणे हाच या प्रयोगाचा प्राण आहे. उलट आच फार प्रखर केली, तर क्षाराचेच विघटन होऊन पूड काळी पडू लागते व घुसमटवणारा वायू निघतो. मग घट केवळ पाण्याची राहत नाही.

आता हिशेब पाहू. निर्जल क्षार १.६० ग्रॅम, पाणी ०.९० ग्रॅम. निर्जल कॉपर सल्फेटचे रेणुवस्तुमान सुमारे १६० व पाण्याचे १८ आहे. १.६० ला १६० ने भागल्यास ०.०१ मोल आणि ०.९० ला १८ ने भागल्यास ०.०५ मोल मिळतात. म्हणजे क्षाराच्या एका रेणूमागे पाण्याचे पाच रेणू. पहिल्या वजनावर थांबलो असतो, तर उत्तर पावणेचारच्या आसपास आले असते!

व्यवहारातही हा फरक लहान नाही. १ किलो निळ्या मोरचुदात सुमारे २५५ ग्रॅम तांबे असते, तर १ किलो पांढऱ्या निर्जल पुडीत सुमारे ३९८ ग्रॅम. निळ्याच्या जागी पांढरी पूड त्याच वजनाने घेतली, तर मिश्रणातील तांबे दीडपटीहून अधिक होते. चुना अपुरा पडून मिश्रण आम्लधर्मी राहिले, तर पाने करपतात.

पाठावर आधारित प्रश्न

धुण्याच्या सोड्याचे २.८६ ग्रॅम स्फटिक स्थिर वजन येईपर्यंत तापवले असता १.०६ ग्रॅम निर्जल क्षार उरला. त्याचे रेणुवस्तुमान १०६ आहे. एका रेणूमागे पाण्याचे किती रेणू होते? हेच स्फटिक महिनाभर कोरड्या हवेत उघडे राहिले असते, तर उत्तर कमी आले असते की अधिक? कारण लिहा.