अक्षय ऊर्जेकडे संक्रमण : क्षमता, उपलब्धता आणि धोरण

जून २०२५ मध्ये देशाच्या वीज क्षेत्राने एक महत्त्वाचा टप्पा ओलांडला. एकूण सुमारे ४.८५ लाख मेगावॅट स्थापित क्षमतेपैकी निम्मी, म्हणजे सुमारे २.४३ लाख मेगावॅट क्षमता जलविद्युत, अणुऊर्जा, सौर, पवन अशा बिगर-जीवाश्म स्रोतांची झाली. २०३० साठी ठरविलेले हे उद्दिष्ट पाच वर्षे आधीच साध्य झाले. तथापि २०२४-२५ मध्ये प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशापासूनच मिळाली. या विसंगतीचा उलगडा झाल्याशिवाय संक्रमणाच्या शक्याशक्यतेचा विचार पूर्ण होऊ शकत नाही.

क्षमता आणि वीज यांतील अंतर

स्थापित क्षमता म्हणजे संयंत्राची कमाल शक्ती. ग्राहकाला हवे असतात ते युनिट. वर्षाचे ८,७६० तास असतात. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प सरासरी २० टक्के क्षमता-वापराने वर्षाला सुमारे १७.५ लाख युनिट वीज देतो. तेवढ्याच क्षमतेचा कोळसा-संच ७० टक्के भारांकाने चालला, तर सुमारे ६१ लाख युनिट देतो. म्हणजेच एक मेगावॅट कोळशाची जागा घेण्यासाठी साधारण साडेतीन मेगावॅट सौर क्षमता लागते. केवळ मेगावॅटची आकडेवारी पाहून प्रगती मोजणे म्हणूनच अपुरे ठरते.

किमतीचा प्रश्न सुटला, वेळेचा उरला

जानेवारी २०१० मध्ये जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले, तेव्हा पहिल्या लिलावातील सरासरी दर प्रतियुनिट सुमारे १२ रुपये होता. मे २०१७ मध्ये राजस्थानातील भडला येथे तो २.४४ रुपयांवर आला आणि डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेतील लिलावात १.९९ रुपयांपर्यंत उतरला. सौर पट्ट्यांच्या किमतींतील घसरण, स्पर्धात्मक निविदा आणि २५ वर्षांच्या खरेदी करारांमुळे कमी झालेला भांडवलाचा खर्च, ही यामागील प्रमुख कारणे होत.

परंतु हा दर सूर्य असतानाच्या विजेचा आहे. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २.५ लाख मेगावॅटवर पोहोचली. उन्हाळ्यातील दुपारची अशी मागणी भागविण्यास सौर वीज उपयुक्त ठरते. खरी कसोटी लागते ती सूर्यास्तानंतर. तेव्हा सौर निर्मिती शून्यावर येते आणि घराघरांतील दिवे, पंखे सुरू झालेले असतात. पवन ऊर्जा काही अंशी साथ देते. मात्र तिचा भर प्रामुख्याने जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत असतो.

तीन उपाय

पहिला उपाय म्हणजे बळकट पारेषण. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू होऊन दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाशी जोडले गेले. त्यामुळे एका प्रदेशातील अतिरिक्त वीज दुसऱ्या प्रदेशास देणे सुलभ झाले.

दुसरा उपाय साठवणुकीचा. पश्चिम बंगालमधील पुरुलिया (९०० मेगावॅट) आणि महाराष्ट्रातील घाटघर (२५० मेगावॅट) येथील उदंचन जलविद्युत प्रकल्पांत मागणी कमी असताना पाणी वर चढवून गरजेच्या वेळी त्यापासून वीज घेतली जाते. या प्रक्रियेत साधारण २० ते २५ टक्के ऊर्जा खर्ची पडते. साठविलेल्या विजेचा दर ठरविताना ही घट आणि प्रकल्पाचा भांडवली खर्च दोन्ही धरावे लागतात. बॅटरी साठवणुकीसाठीही केंद्र सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये तफावत-निधी योजना मंजूर केली.

तिसरा उपाय सर्वांत स्वस्त आहे, तो म्हणजे मागणीच सूर्याच्या वेळेकडे वळविणे. कृषिपंपांना अनेक राज्यांत वर्षानुवर्षे रात्री वीज मिळत आली. शेतकऱ्याला अंधारात, साप-विंचवांच्या भीतीत पाणी द्यावे लागे. २०१७ मधील महाराष्ट्राची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०१९ मधील केंद्राची पीएम-कुसुम योजना यांनी कृषिवाहिन्यांच्या सौरीकरणाचा मार्ग खुला केला. यात शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते, वितरण कंपनीचा खरेदी खर्च घटतो आणि साठवणुकीची गरजही कमी होते.

धोरणातील कच्चे दुवे

वीज कायदा, २००३ अन्वये अक्षय ऊर्जेच्या खरेदीचा किमान हिस्सा ठरविण्याची जबाबदारी राज्य नियामक आयोगांवर आहे. परंतु वीज विकत घेणाऱ्या वितरण कंपन्याच आर्थिक अडचणीत असतील, तर देयके थकतात, जोखीम वाढते आणि कर्ज महागते. सौर प्रकल्पाचा जवळजवळ सर्व खर्च आरंभीच होत असल्याने व्याजदरातील वाढ त्याच्या दरावर थेट परिणाम करते.

जमिनीचा प्रश्नही दुर्लक्षिता येणार नाही. राजस्थान व गुजरातेतील माळढोकांच्या अधिवासातून जाणाऱ्या वीजवाहिन्यांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्याचप्रमाणे झारखंड, छत्तीसगड, ओडिशा आणि महाराष्ट्रातील चंद्रपूरसारख्या कोळसा-जिल्ह्यांतील रोजगाराचाही विचार आवश्यक आहे. सौर उद्याने जेथे उभी राहत आहेत, तेथे या खाणकामगारांची वस्ती नाही. २०१५ पासून स्थापन झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानांचा निधी पर्यायी कौशल्ये व उद्योगांकडे आतापासूनच वळविला, तर पुढील आघात सौम्य होईल.

सारांश, अक्षय ऊर्जेकडे संक्रमण तांत्रिकदृष्ट्या शक्य आणि दिवसाच्या विजेपुरते आर्थिकदृष्ट्याही किफायतशीर आहे. यापुढील यश किती मेगावॅट उभारले यापेक्षा संध्याकाळी सात वाजता किती युनिट कोळशाविना पुरविता आले, यावर मोजले जाणे योग्य ठरेल.