शेवटची पंगत

सुमारे चाळीस वर्षांपूर्वी मी काळाचौकीच्या एका रात्रशाळेत मराठी शिकवीत असे. एकदा निबंधासाठी 'अन्न' हा विषय दिला, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, हॉटेलात उरलेले अन्न तेथील नोकरांना मिळते का?" मागच्या बाकावर हॉटेलात काम करणारा एक तरुण बसे. तो उठून म्हणाला, "उरलेले मिळते, सर. पण उष्टे आम्ही खात नाही."

मुलांनो, पातेल्यात राहते ते उरलेले आणि कोणाच्या ताटात राहते ते उष्टे. दुपारी तीनच्या सुमारास गिऱ्हाईक ओसरले, म्हणजे भटारखान्यात नोकरांची पंगत बसे. तिला भात व आमटी मिळे; तळलेला मासा क्वचितच. मात्र घरी काही नेण्यास मालकाची सक्त मनाई होती. तशी मुभा दिली तर आचारी मुद्दाम जास्त रांधील, अशी त्याला भीती वाटे. ती अगदीच निराधार नव्हती. तरीही रात्री पातेलेभर भात फेकताना त्या तरुणाच्या पोटात कालवत असे.

गिरणगावातील घरगुती खानावळींत याहून वेगळी रीत होती. तेथे गिरणी कामगार महिन्याच्या बोलीवर जेवत. जेवायला न येणाऱ्याने 'खाडा' आधी कळवायचा, म्हणजे तेवढे अन्न कमी शिजे. तिन्ही पाळ्यांच्या माणसांना वाढून झाल्यावर खानावळवाली बाई जेवायला बसे. कोणी न कळवता खाडा केला, तर तिला पोटभर मिळे. एखादा पाहुणा अवचित आला, तर तिच्या वाट्याला खरवड! रांधणारीच अर्धपोटी, ही गोष्ट मला आजही बोचते. अशा स्त्रियांना एकत्र आणण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. कित्येक कामगार गावी परतले आणि खानावळींच्या चुली थंडावल्या.

उरलेले अन्न वाटण्यातही सावधगिरी हवी. शिजलेला भात तासन्‌तास उघड्यावर राहिला, तर त्यात जंतू वाढतात. त्यांतील काहींचे विष पुन्हा उकळूनही नाहीसे होत नाही. म्हणून नोकराला शिळे देणे हा दानधर्म नव्हे. दिवसभर राबणाऱ्याचे ताजे जेवण हा त्याचा हक्कच आहे. तो गिऱ्हाइकाच्या भुकेवर अवलंबून का असावा?

एका रविवारी मी त्या तरुणाच्या हॉटेलात जेवायला गेलो. भाताची दुसरी मूद वाढण्यापूर्वी तो हळूच म्हणाला, "सर, लागेल तेवढाच घ्या. ताटात पडला, की तो आमच्याही उपयोगाचा नाही."

मी ताटावर आडवा हात धरला. तो हसला आणि भाताचे भांडे घेऊन आत गेला. भिंतीवरच्या घड्याळात पावणेतीन झाले होते.